हिवाळी पॅकचे दोन भाव

दि. ४ जुलै

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू हं हं करत सटकतोस आणि आमची भिंत पातळ आहे. पलीकडे सिस्टर राहतात, आणि विषय त्यांचाच आहे.

तुझ्या कंपनीचा विमान उडवायचा खेळ तू मला दिलास, तेव्हापासून दुपारी शिवणकाम आवरलं की मी आणि सिस्टर माझ्या कापायच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून बसतो. त्या कॅप्टन, मी शेजारच्या खुर्चीत. त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, माझ्याकडे तुम्ही कोणी फिरकत नाही. दोघींचं दिवसातलं तेवढंच सुख.

परवा हिवाळी पॅक आला. बर्फातले विमानतळ आणि पंखांवरचं बर्फ काढायची गाडी. आधी खेळ विकायचा आणि मग हवामान वेगळं विकायचं, काय धंदा रे तुमचा! पण ते असो. दोघींनी शेजारी शेजारी उघडून पाहिलं, तर त्यांना दाखवलेला भाव माझ्या दीडपट.

सिस्टरांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, भाचा कंपनीत, दर पॅकला घ्या घ्या म्हणून आग्रह तुमचा, आता कळलं वरचे पैसे कुठे मुरतात. लॅपटॉप मिटला आणि गेल्या. त्यानंतर आल्याच नाहीत.

खरं सांग, तू काही कळ फिरवलीस का? मायेपोटी केलं असशील, तर ती माया मला भोवली. लोभ आहेच, वाढवायचा की नाही, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी
आत्या

दि. ९ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. गळ्याशपथ सांगतो, मी काही केलेलं नाही. मी खेळातले ढग काढतो. भाव ठरवणारे वरच्या मजल्यावर बसतात, आणि आम्हाला ते जिन्यातसुद्धा ओळख देत नाहीत.

राग मानू नकोस, पण मला सिस्टरांचाच संशय येतोय. कंपनीत नातेवाईक आहे म्हटलं की लोक आधी भांडण काढतात आणि मग फुकट पॅक मागतात. माझ्या घरमालकाने हेच केलं. जरा सांभाळून राहा. आणि तू पॅक कसा घेतेस, त्या कसा घेतात, तेवढं नीट कळव.

गुडघा कसा आहे? रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा
ठोंब्या

दि. १४ जुलै

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद, पण हात जरा आखडता घेऊन. ज्या बाईने माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना मला न्हाऊ घातलं, तिच्यावर संशय घेतोस? काल मी होऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी साखळी न काढताच सांगितलं की कामात आहे. कसलं काम, आतून त्याच खेळातल्या इंजिनाचा आवाज येत होता! एकट्याच उडत होत्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मी पॅक कसा घेते? बाजारात घेते तसाच. स्क्रीनवरच्या टोपलीत टाकायचा आणि पैसे न भरता पाठ फिरवायची. दोनतीन दिवसांनी तुमचं यंत्र आपणहून हाक मारतं, कमी भावात देतो, या. सिस्टर मात्र सांगितला भाव पाहतात आणि मोजून मोकळ्या होतात. घासाघीस करणं त्यांना हलकटपणा वाटतो.

यात काही पाणी मुरत असेल तर शोध. आठवण ठेव, म्हणजे पुरे.

आत्या

दि. २२ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पाणी मुरतंय, आणि आमच्याच घरात. वरच्या मजल्यावरच्या एकाला जेवायच्या सुट्टीत गाठलं. त्याने हसत हसत सगळं सांगितलं. टोपली सोडून जाणाऱ्याला भाव उतरवतात. जो निमूट पैसे भरतो, त्याला पुढच्या वेळी थोडा चढवून दाखवतात. पुन्हा भरले की पुन्हा थोडा. सिस्टर वर्षभर चढतच गेल्या आहेत. त्या खेळावर विश्वास टाकत गेल्या, आणि आम्ही त्यांना त्याचाच दंड लावला. मला लाज वाटली, आत्या. त्यांच्याबद्दल जे लिहिलं, ते मागे घेतो.

कर्मचाऱ्यांना एक फुकट पॅक मिळतो. तो त्यांच्या नावे पाठवू का? राग निवळला असेल तर दोन ओळी टाक.

ठोंब्या

दि. २७ जुलै

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद. खबरदार फुकट पॅक पाठवलास तर! चोरी पकडली म्हणून तोंड बंद करताय, असंच त्या म्हणतील. तुझं पत्र त्यांच्या दाराखालून सरकवलं होतं. वाचून परत सरकवलं, आणि आतूनच म्हणाल्या की भाचा आत्याच्या बाजूने लिहिणारच.

माझ्या दारावर शिलाईच्या दराची पाटी आहे. डॉक्टरीण येवो की झाडूवाली, दर तोच. तुम्हाला एक पाटी लावायला काय धाड भरली आहे? एक भाव करून दाखव. त्याशिवाय ही बाई माझ्याकडे येणार नाही, आणि मला दुसरं कोणी नाही.

आत्या

दि. १८ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. झालं. मी वर लेखी तक्रार दिली. त्याच सुमारास पुष्कळ खेळाडूंनी आपापले भाव एकमेकांना दाखवले आणि गदारोळ उठला. परवापासून हिवाळी पॅकला सगळ्यांना एकच भाव. फक्त तो चढा आहे, सिस्टरांचा. टोपलीवाले आम्हाला शिव्या घालताहेत, तूही घालशील. वरच्या मजल्यावर माझं नाव आता 'आत्याचा वकील' पडलं आहे, आणि बढतीचं काही खरं नाही.

तरी तुझा लोभ कमी भावात देऊ नकोस.

ठोंब्या

दि. ३ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,

अनेक अनेक आशीर्वाद. सिस्टर आल्या! उभ्याउभ्याच चष्मा लावून दोन्ही स्क्रीन पाहिल्या. मला पुन्हा बंद करून उघडायला लावलं. भाव तोच निघाला. मग मी, जिने जन्मात सांगितला भाव दिला नाही, त्यांच्यादेखत पुरे पैसे भरले. जीव तीळतीळ तुटला रे!

वाटलं, आता त्याही भरतील. छे! त्यांनी पॅक टोपलीत टाकला आणि पाठ फिरवली. म्हणाल्या, इतकी वर्षं भोळी राहिले तेवढं पुरे, आता यंत्राने हाक मारू दे. एक भाव झाल्यावर यंत्र हाक मारत नाही, असं मी दहादा सांगितलं, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवतो?

तेव्हापासून रोज दुपारी येतात. आधी आपला भाव पाहतात, मग माझ्या स्क्रीनवर मला गुपचूप कमी तर नाही ना दाखवत, ते तपासतात. तोंडावर सांगतात की पाळत ठेवायला येते. तपासणी झाली की आलेच आहे तर बसते म्हणून बसतात, आणि माझ्या पॅकमध्ये बर्फात विमान उतरवून देतात. काल दिवे लागेपर्यंत बसल्या होत्या.

तेव्हा वरच्या मजल्यावर तुझा काही वशिला उरला असेल, तर आत्याचं एवढं एक काम कर. तो भाव इतक्यात उतरू देऊ नकोस.

तुझीच
आत्या