दोनदा वाजलेल्या टाळ्या

१४ मे १९९८, नाशिक

अजून डोकं तापलेलंच आहे. गोदाकाठच्या व्याख्यानमालेत आज मी एका चिनी गायिकेबद्दल बोलले. गाण्यातून सिनेमात गेली, लग्नानंतर गाणं सुटलं, आणि सगळ्यांचा विरोध पत्करून पुन्हा माइकसमोर उभी राहिली. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मग कार्यवाह शिंदे आभार मानायला उठले. स्वागतगीत त्यांच्या नव्या सुनेने, रेवाने, म्हटलं होतं. काय गळा! शिंदे हसत म्हणाले, "रेवाचं हे शेवटचं गाणं बरं का. आता संसार!" पुन्हा टाळ्या. त्याच हातांच्या, तेवढ्याच जोरात! मग मी घसा फोडला तो कुणासाठी?

चहाच्या वेळी शिंद्यांना गाठलं. "तिला विचारलंत?"

"अहो ताई, चीनचं चीनमध्ये. घरात कशाला आणता?"

त्यांनी दिलेली शाल त्यांच्याच हातात ठेवली.

कपबशा गोळा करणारी रेवा हळूच म्हणाली, "ताई, परत आल्यावर त्या गायिकेने पहिलं कोणतं गाणं म्हटलं?"

मला कुठे माहीत? म्हटलं, "तू कोणतं म्हणशील?"

हातातला ट्रे न ठेवताच ती गायला लागली. आधी हळू, मग मोकळ्या आवाजात. टाळ्या मी एकटीने वाजवल्या. शिंदे वळून बघत राहिले. बघू देत.