हॅटमध्ये हात घालायचा नाही

२ मे १७९६

आजपासून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. कझाया सोडून. पण ती बायको आहे, तेव्हा तिलाही सगळं सांगायचं नाही.

पुढच्या सोमवारी प्रार्थनाघरात मतदान. बॉस्टनच्या विधानसभेत आमच्या गावातून एकच माणूस जातो. आजवर चर्चचा कारभारी, डीकन प्रॅट जायचा. यंदा जोथम विल्डर, म्हणजे मी.

आमच्याकडे मत मागणं असभ्य समजतात. मीही मागत नाही. आज फक्त चार घरी जाऊन गाईंची विचारपूस केली. बोलता बोलता विषय आपसूक बॉस्टनवर आला. तीन घरी लोक हसून मान डोलावत होते. चौथा हसला नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं. मग वाटलं, हसणाऱ्यांवर जास्त.

४ मे

बॉस्टनसाठी मागवलेली बीव्हरच्या फरची हॅट आली. डोक्यावर बरोब्बर बसते. कझाया म्हणाली, आधी निवडून तर या. मी म्हटलं, ती आता औपचारिकता आहे.

७ मे

आज पहाटे डोक्यात प्रकाश पडला. दरवर्षी मतांच्या चिठ्ठ्या गोळा करतात त्या गावपंच पार्ट्रिजच्या हॅटमध्ये. पार्ट्रिज डीकनचा शेजारी! त्या हॅटचं अस्तर फाटलेलं आहे. त्यात कुणाकुणाची मतं गडप झाली असतील, देव जाणे.

उपाय: यंदा माझी हॅट. नवी कोरी, अस्तर शाबूत. आणि अट एकच, मतमोजणीच्या वेळी हॅटमध्ये कुणीही हात घालायचा नाही. उलटी करायची, बस्स.

संध्याकाळी मेहुणा आला, इफ्राइम. त्याचं आणि त्याच्या दोन्ही मुलांचं मत मला. चिठ्ठ्या घरच्या अक्रोडाच्या सालीच्या तपकिरी शाईने लिहून तयार आहेत म्हणाला. मी बजावलं, घडी एकदम बारीक घाल, नखाएवढी, आणि टाकताना बाजूने खाली दाब, कुणाला दिसता कामा नये. तो म्हणाला, "दाजी, मत आहे हो ते, चोरीचा माल नाही."

याला चोरी कशी काय आठवली?

९ मे, सकाळी

माझी माणसं पुन्हा मोजली. एकतीस पक्की. एकूण मतदार साठच्या आसपास, आणि निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे झालंच.

प्रश्न एवढाच, माझं स्वतःचं मत कुणाला? स्वतःला देणं बरं दिसत नाही. कुणी अक्षर ओळखलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. डीकनला द्यायला मी खुळा नाही. शेवटी गावातल्या नेहेमाया आजोबांचं नाव लिहिलं. म्हातारा सभेत बसल्या बसल्या झोपतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वाया गेलेलं मत कसं असावं, तर असं.

९ मे, संध्याकाळी

घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

पार्ट्रिजने माझी हॅट मुकाट्याने घेतली. इतक्या मुकाट्याने का घेतली? सगळ्यांत आधी इफ्राइम आणि त्याची पोरं उठली. इफ्राइम माझ्याकडे बघून हसला. मतं पडली. मी टेबलाला चिकटून उभा. पार्ट्रिजने हॅट उलटी केली, झटकली आणि आत हात घालायला गेला, तर मी ओरडलो. त्याने हात मागे घेतला. लोक हसले.

डीकन प्रॅट, एकोणतीस. जोथम विल्डर, अठ्ठावीस. नेहेमाया, एक. निम्म्यावर कुणीच नाही.

मी पुन्हा मोजायला लावलं. तेच. आणखी एकदा म्हटलं, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, की जोथम, तुला आकडा हवाय की आवडता आकडा?

माझे तीन कमी! एकतीसमधले तीन कोण? मी इफ्राइमच्या बाकाकडे पाहिलं. बाप आणि दोन पोरं. कळलं.

पुन्हा मतदान. तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती आणि बाहेर कझायाने मतदारांसाठी केलेला मनुकांचा केक दरवळत होता. एवढ्यात लोहार म्हणाला, "नेहेमाया आजोबा काय वाईट आहेत? त्यांची लेक बॉस्टनलाच असते. राहतील तिच्याकडे, जेवतील तिच्याकडे. गावाला खर्च नाही." सभा एकदम शांत झाली. आमच्या गावात एवढी शांतता प्रार्थनेतही होत नाही.

दुसऱ्या फेरीत नेहेमाया, बेचाळीस. डीकनला दहा. मला नऊ, त्यात एक माझं. या खेपेला लाज सोडली होती. म्हाताऱ्याला हलवून उठवलं आणि सांगितलं. तो म्हणाला, बरं.

१० मे

गिरणीपाशी चार लोकांदेखत इफ्राइमला म्हटलं, तू मला विकलंस. त्याने पिठाचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "दाजी, मी तुम्हालाच दिलं. मोजलं कुणी, ते मला ठाऊक नाही." खोटं बोलणारा माणूस इतकं थोडक्यात बोलतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

त्याला सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. तुझे बैलही नकोत.

कझाया माझ्याशी बोलत नाही. भाऊ पडला ना तिचा.

२६ जून

नेहेमाया आजोबा बॉस्टनहून परतले. वजन वाढलंय. प्रार्थनेनंतर सर्वांसमोर म्हणाले, "पहिल्या फेरीत ज्या एकाने मला मत दिलं ना, त्या भल्या माणसाला देव सुखी ठेवो. बाकीच्यांना अक्कल त्याच्यामुळे आली." लोक इकडे तिकडे बघायला लागले. मीही बघितलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, ही त्यातल्या त्यात कमाई.

हॅट कपाळाला टोचते. मेपासूनच घट्ट झालीय. टोपीवाला डीकनचा माणूस तर नसेल? चौकशी करायची.

१२ जुलै

गवत कापून पडलंय आणि पावसात भिजलंय. दरवर्षी ते ओढून आणायला इफ्राइमचे बैल असतात. यंदा तीन जणांकडे मागितले, तिघांनाही कामं. कटच आहे.

कझाया आज बोलली. म्हणाली, त्याच्याकडे जा. मी म्हटलं, आधी त्याने कबूल करावं.

१४ जुलै

आज हॅट उसवली. टोपीवाल्याची लबाडी पुराव्यानिशी दाखवायची, म्हणून आतली चामड्याची पट्टी उचकटली. कपाळाच्या बाजूला, पट्टीमागे, तीन चिठ्ठ्या. नखाएवढ्या बारीक घड्या. तपकिरी शाई. तिन्हींवर माझं नाव.

अठ्ठावीस आणि तीन, एकतीस. चिठ्ठ्या एकूण एकसष्ट. एकतीस म्हणजे निम्म्याहून जास्त. पहिल्याच फेरीत मी निवडून आलो होतो.

 कसं कोण जाणे, पण कुणावर संशय घ्यावा हे सुचेना. पार्ट्रिजवर घेऊन पाहिला. पण तो हात घालायला निघाला होता. लाज वाटली. खरंच वाटली.

कझायाने चिठ्ठ्या पाहिल्या, अक्षर पाहिलं.  चुलीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि डोळ्यांना एप्रन लावला. मग म्हणाली, "तो रोज संध्याकाळी आपल्या कुंपणापर्यंत येऊन परत जातो. तुम्ही हाकललंत म्हणून आत येत नाही."

हे मला माहीत नव्हतं. मी कुंपणावर लक्ष ठेवत होतो, पण डीकनच्या बाजूच्या.

पट्टी पुन्हा शिवून घेतली. हॅट आता बरोब्बर बसते. घालून जाण्यासारखं एकच घर आहे, आणि तिथे ती दारातच काढावी लागेल.