गोळी दिली नाही, त्याबद्दल

ताई,

माझ्या शिवणाच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मला ‘चिक्कू’ म्हणालीस. म्हण. तू एक गोळी मागितलीस आणि मी डबी मुठीत आवळून बसले, हे खरंच आहे. पुन्हा मागितलीस तरी देणार नाही.

“एका आईच्या लेकी आपण, अर्धशिशीही तिचीच, मग गोळी वेगळी कशाला?” म्हणे! अगं, डोकं दोघींनी आईचं घेतलं, पण हृदय तू बाबांचं घेतलंस. तुझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलीय आणि माझी गोळी रक्तवाहिन्या आवळते. ती लिहून देण्याआधी डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न हृदयाचाच विचारला होता. हे तोंडावर सांगितलं, तर तू चपला घालून चालती झालीस.

तुझ्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय. तुला चालेल असं औषध तेच देतील. आली नाहीस तर हाताला धरून नेईन.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तुला वाटेल, धाकटीने नमतं घेतलं. तू खुशाल माझ्या नावाने बोटं मोड. बोटं मोडायला तू हवीस, एवढंच.

तुझी,
चिक्कू