पाइनचा रोग आणि आमचे पेरू

नरसिंहपूर, ता. इंदापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. निकिता,

आशीर्वाद. इकडं घरात सगळे बरे आहेत. तूही तिकडं बरी असशील असं धरून लिहायला बसलोय. तुझ्या आईची, द्वारकाकाकीची, साखर आता ताब्यात आहे. सकाळी देवळापर्यंत चालत जाते, येताना घाटावर थोडी टेकते, पण कुणी हात धरला तर चिडते. ऊसतोड अजून चालूच आहे, त्यामुळं रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. आमची छकुली यंदा दहावीला. पोर्तुगालला पत्र किती दिवसांत पोचतं ते पोस्टातल्या बाईंनाही नक्की सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात तू बारामतीच्या शेतकरी मेळाव्यात बोलायला आली होतीस, तेव्हा मीही तिथं होतो. सावळारामतात्यांना मोटरसायकलवर घेऊन आलो आणि मागून दुसऱ्या रांगेत बसलो. तुझी ओळख करून देणाऱ्यानं तुझ्या पदव्या वाचल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं की, ही माझी चुलत बहीण. हिचे वडील गेल्यावर हिच्या आईनं दुसऱ्यांच्या बागांत पेरू तोडून हिला शिकवलं. पण ते सांगायचं तोंड मला नव्हतं.

तू बोललीस ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. चुकलं असेल तर हसू नकोस. पाइनच्या जंगलात एक सूत्रकृमी असतो, जेमतेम एक मिलिमीटरचा, दोऱ्यासारखा किडा. तो भुंग्याच्या अंगात बसून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. वैशाखात हिरवंगार असलेलं झाड दिवाळीपर्यंत विटकरी होतं आणि उभ्या उभ्या वाळतं. आणि त्या एवढ्याशा किड्याच्या अंगात त्याहून बारीक जिवाणू राहतात. झाड आपला चीक सोडतं, त्या चिकात किड्यानं मरायला हवं. पण काही जिवाणू त्याला तो चीक सोसायला मदत करत असावेत. 'असावेत' हा शब्द तू दोनदा वापरलास. औषधानं जिवाणू काढून टाकलेले किडे चिकात लवकर मेले, जिवाणू परत दिल्यावर तगले, हे पडद्यावर दाखवलंस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्याला डोळा नाही, तोंड नाही, असल्या जीवाच्या मागं माझी बहीण चार वर्षं परमुलखात जंगल तुडवतेय.

मग वडगाव निंबाळकरचा तो ऊसवाला उठला आणि म्हणाला, मग जिवाणूच मारा की, किडा आपोआप मरंल. सगळे हसले. तू हसली नाहीस. म्हणालीस, "काचेच्या बशीत मरतो. जंगलात मरेल का, ते मला अजून माहीत नाही. हे जिवाणू तिथं योगायोगानंच असतात, असंही काही शास्त्रज्ञांना वाटतं."

तीनचारशे बागायतदार समोर बसलेले, आणि ज्यात जीव ओतला त्या कामाबद्दल तू सरळ 'माहीत नाही' म्हणालीस. मी पन्नाशीला आलो. गावात चार माणसं मला विचारून लागवड करायची. 'माहीत नाही' हे दोन शब्द मी आजवर कुणासमोर उच्चारलेले नाहीत.

त्यानंतर तात्या उठले. मी त्यांचा सदरा ओढला, पण ते उठलेच. त्यांना तुला दुखवायचं नव्हतं. सहा वर्षं ऐकलं होतं तेच त्यांनी विचारलं.

"बाय, पर आपल्या पेरूचा रोग बुटातनं आला म्हणत्यात. तू मुळ्या न्ह्यायला यायचीस, तुझ्या बुटाच्या मातीतनं. खरं हाय का?"

तू पाणी प्यालीस. तुझी नजर आमच्या रांगेवर आली, माझ्यावर क्षणभर थांबली आणि पुढं गेली. तू म्हणालीस, "तात्या, सूत्रकृमी बुटाच्या मातीतून जाऊ शकतात, हे खरंय. मी बूट धुऊन यायचे, तरी माझ्याकडून एकही किडा गेला नसेल अशी शपथ मी घेणार नाही. पण रोपं आली तेव्हाच त्यांच्या मुळांवर गाठी होत्या. त्या मी पाहिल्या होत्या."

एवढंच. कुणाबरोबर पाहिल्या, ते तू सांगितलं नाहीस. मी तिथंच बसलेलो होतो. नुसतं बोट दाखवलं असतंस तरी झालं असतं.

तेव्हाही मी उठलो नाही, निकिता. हे पत्रात लिहायलाच हवं.

आता बाकीचं. तुला ते माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडं असावं म्हणून लिहितो. परजिल्ह्यातल्या त्या नर्सरीतून टेम्पो मी आणला होता. तात्या, झुंबर, लीलाबाई आणि मी, चौघांची रोपं. तू कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होतीस. टेम्पोतलं एक रोप उपसून बादलीत धुतलंस आणि मुळ्या माझ्या तळहातावर ठेवल्यास. बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. "दादा, हे परत पाठव," म्हणालीस. मी त्या बोटांनी चाचपून बघितल्या. पण खड्डे भरून तयार होते, लोक माझ्या शब्दावर थांबले होते, आणि कालच्या पोरीनं मला शिकवावं हे मला खपलं नाही. मी ते रोप फेकून दिलं आणि कुणाला काही बोललो नाही.

दीड वर्षानं बागा पिवळ्या पडल्या. झुंबर माझ्या अंगणात येऊन जाब विचारायला लागला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की निकिता मुळ्यांचे नमुने न्यायला सगळ्यांच्या बागांत फिरते, तिच्या बुटातून आला असंल. घाबरून बोललो होतो. पण दुसऱ्या दिवशी तेच लोक माझ्याकडं बघून माना हलवायला लागले, आणि मग मी ते पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. तुला बागांत पाय ठेवू देईनात, तुझा अभ्यास अर्धा राहिला. काकीला तोडणीला बोलवेनात. जिनं सगळ्यांच्या बागांतला माल हातानं तोडला, ती रोज बस धरून बारामती एमआयडीसीतल्या कँटीनमध्ये डबे धुवायला जाऊ लागली. मी तिला बसथांब्यावर उभी बघायचो आणि गाडी तशीच पुढं न्यायचो.

मेळाव्याहून परत येताना तात्या मागं बसून एवढंच म्हणत होते, की पोरगी सरळ बोलली. तिसऱ्या दिवशी खरं सांगायला मी त्यांच्याकडंच पहिला गेलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "गाठी तू बघितल्या हुत्यास?" मी व्हय म्हणालो. ते उठून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. झुंबरनं मला अंगणातून हाकललं. अजून तो मला बघून रस्ता बदलतो. लीलाबाई म्हणाली, घराघरांत कशाला सांगतोस, बदनामी चार माणसांत केलीस तर कबुलीही चार माणसांत दे. म्हणून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहिलो. तुझं नाव घेऊन सांगितलं, की निकितानं रोप धुऊन दाखवलं होतं, मी दडवलं आणि खोटं तिच्यावर ढकललं. छकुली पोरींच्यात बसली होती. ती उठून घरी गेली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

काकीकडं सगळ्यात शेवटी गेलो. ती मेथी निवडत होती. तिला आधीच कळलं होतं. मी तुला फोन करतो म्हणालो, तर मान वर न करता म्हणाली, "फोन नगं. फोनवर तू गळा काढशील, आन् ती लगीच 'जाऊ दे, दादा' म्हणंल. लिहून काढ. तिला वाचू दे, तिला वाटलं तर फाडू दे."

म्हणून हे पत्र.

लीलाबाईनं काकीला तोडणीला यायचा निरोप धाडला होता. काकी म्हणाली, आता माझे गुडघे तिच्या बागेत जायचे न्हाईत. तो हक्क तिचा आहे.

माझी बाग मी उपटून टाकली. शेवटचं झाड काढलं तेव्हा मूळ धुऊन बघितलं. कृषी विज्ञान केंद्रावर नेलं, तिथल्या बाईंनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. काचेखाली ते किडे वळवळत होते, इतके नाजूक की बघतच राहावं. त्यांच्याही अंगात जिवाणू असतात का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, असतील, पण हे निकिता मॅडमना विचारा, या कामात त्या आमच्या पुढं आहेत. खोलीत चारपाच शेतकरी होते. ती माझी बहीण आहे, हे तिथं मी मोठ्यानं सांगितलं.

रान आता दोन वर्षं पेरूशिवाय ठेवणार आहे. नंतर काय लावावं, हे लीलाबाईला आणि तात्यांना तुला विचारायचंय. त्यांना तुझा पत्ता दिलाय. माझ्यामार्फत विचारू नका, असं बजावलंय. उत्तर द्यायचं की नाही, ते तू बघ. मला उत्तर पाठवण्याची सक्ती तुझ्यावर कसलीच नाही. जंगलात जपून फिर, तिकडच्या थंडीत कान झाकत जा.

खाली 'तुझा दादा' लिहायला घेतलं होतं. ते नाव मी ठेवायचं की नाही, हे आता तुझ्या हातात आहे. तोवर नुसता

मल्हार