देवकाबाईचा डोंगा

९ मार्च १९८१, सोमवार

तलावावर वारा नुसता पिसाळला! डोंगा एका जागी ठरत नाही. मी समोर बसून जाळं सोडत होती, हे मागून बांबू रेटत होते. म्हणे, "दोन्ही टोकाले दगड बांध, वारा वढून नेईन." म्हटलं, "तुमी डोंगा सांभाळा, मले नका शिकवू." एकाच टोकाले बांधला. तोंडावर पाणी उडून राहिलं, गाठी मारत कोण बसते?

१० मार्च

सकाळी जाळं नाही! नवं जाळं. दिवाळीपासून विणत होती मी. पलीकडून देवकाबाई डोंगा घेऊन येऊन राहिली होती. नवरा मेल्यापासून एकटीच जाते. टोपलीत मासे बरे दिसले. काठावरच धरलं तिले. "माया जाळ्यातले मासे गोड लागतेत काय वो?" ती म्हणे, "पोरीची आन वहिनी, मी हातबी नाई लावला." म्हटलं, "आन घेणं सोपं हाये. जाळं विणून पाय!" सारे गोळा झाले. हे पदर ओढत होते — चाल, घरी चाल. मी कशाची ऐकते!

१२ मार्च

समाजाची बैठक झाली. टिकाराम पंच. देवकाबाई रडली नाही, तेच मले जास्त खटकलं. महिनाभर तिचा डोंगा पाण्यात उतरायचा नाही, असं ठरलं. आमच्यात हीच सजा. डोंगा तलावाच्या पाळीवर उलटा करून ठेवला. बरं झालं.

१५ मार्च

वारा.

१७ मार्च

जाळं सापडलं.

छपरासाठी लव्हाळं कापायला तलावाच्या त्या टोकाला गेली होती. पार बुडाशी गुंतलेलं. गाठी मायाच हाताच्या. एका टोकाले दगड, दुसरं टोक मोकळं. आत मासे सडून वास सुटलेला. मी तिथंच चिखलात बसली. वाऱ्यानं नेलं! मी बांधलं नाही म्हणून नेलं.

अन् मग काय केलं? पुन्हा लव्हाळ्यात दाबून आली. कोणी पाहिलं नाही.

१९ मार्च

देवकाबाई रोजगार हमीवर गिट्टी फोडायला जाते. रस्त्यात दिसली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी मागं फिरली. मी! जिच्या तोंडाले सारं गाव भिते. बायका सांगत होत्या, अड्याळच्या बाजारात लोक तिला म्हणतात, "चोरीचे मासे कवा आणतं वो?" डोंगा महिन्यानं परत भेटेल. गेलेलं नाव कसं भेटेल?

२१ मार्च

भात कच्चा म्हणून यांच्यावर खेकसली. भात मीच रांधला होता.

२२ मार्च, रविवार

सांगितलं. टिकारामच्या अंगणात, साऱ्यांसमोर. जाळं डोक्यावर घेऊन गेली, वासासकट. म्हटलं, "तिनं नाई नेलं. वाऱ्यानं नेलं. पाच दिवस झाले सापडून, तेबी मी लपवलं." टिकाराम म्हणे, "त्या दिवशी तर जीभ लय चालत होती!" कोणी हसलं नाही.

तिचा डोंगा सुलटा केला. आता महिनाभर आमचा उलटा. मी देवकाबाईच्या पाया पडायला वाकली तर तिनं पाय मागं घेतले. म्हणे, "राहू दे." एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कायले पाहील?

२३ मार्च

आज हे बोलले. जमिनीकडे पाहून.

"जाळं गेलं, त्याच दिवशी दुपारी मले सापडलं होतं. मीच खोल दाबलं. तू गावभर बोंबलून चुकली होती."

म्हटलं, "मंग बैठकीत काहून गप्प बसले?"

"भेव लागे."

"पंचाचं?"

"तुयं."