कोरा राहिलेला रकाना

उदगीर, मंगळवार

प्रिय शिवांश,

सरजाबाई आज सकाळी गेल्या. लातूरहून यासेरचा फोन आला. डॉक्टरांना विचारून, खात्री करूनच त्याने कळवलं. तू भोकरला मावशीकडे आहेस, पण धड जेवत नाहीस, हेही त्यानेच सांगितलं.

परवा त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. तू तपासायला नेलेली दोन्ही ग्राफिक्स कार्डं त्याने परत घेतली. तुझी वही तिथेच होती. भौतिकशास्त्राच्या गणितांमागे तू रकाने आखलेत: जुनं कार्ड, नवं कार्ड, किंमत, किती तापतं, खेळातल्या अंतराळ स्थानकाजवळ सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं. जुन्यापुढे अठ्ठावीस लिहिलंय. नव्यापुढचा रकाना कोरा आहे.

तो का कोरा राहिला, हे आपल्या दोघांनाच माहीत. त्या रविवारी मी तुझ्या लातूरच्या खोलीवर रागवायलाच आलो होतो. क्लासच्या चाचणीत मार्क गेले आणि तू गेम खेळून राहिलास, असं कानावर आलं होतं. तू भांडला नाहीस. म्हणालास, "अप्पा, पाच मिनिटं बसा तर खरं." जुन्या कार्डावर गेममधलं यान चढावरच्या ट्रॅक्टरसारखं अडखळत होतं. मी हसलो. मग तू नवं लावलंस. यान सुटताना मीच म्हणालो, "आवाज वाढव की रे."

टेबलाखालचा स्पीकरचा बॉक्स घुमला आणि मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या. किल्लारीच्या भूकंपातही आमच्या घरात आधी ताटल्याच वाजल्या होत्या. मी नऊ वर्षांचा. शेजारी झोपलेल्या धाकट्या नागम्माला न उठवता एकटाच बाहेर पळालो. माझी बहीण तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडली. म्हणून या वेळी आधी तुझा हात धरला आणि मग जिन्याकडे पळालो. "अप्पा, गेम हाय, गेम!" तू ओरडत होतास, ते मला नंतर आठवलं. घरमालकीण सरजाबाई पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होत्या. माझा खांदा त्यांना लागला आणि त्या खाली कोसळल्या.

खाली माणसं जमली. पोराच्या गेमच्या आवाजाने म्हातारी दचकून पडली, असं कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घातली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलास. खोली गेली, क्लासमधून नाव गेलं. एवढा बाप्या माणूस ताटल्यांना भ्यायला, असं लोकांनी म्हणू नये, एवढ्यासाठी मी तुला पुढे केलं.

चौकीतून तुझ्या नावाने बोलावणं आलंय, गुरुवारी सकाळी दहाचं. तू येऊ नकोस. त्याआधी सरजाबाईंच्या लेकाला भेटून सगळं सांगेन, मग चौकीत मी जाईन. यासेर सोबत येतोय. वकील म्हणतो, मला बहुधा ठेवूनच घेतील. यासेरचा भाऊ उद्या हे पत्र तुला हातात देईल. त्याच्याच गाडीत बस आणि आईजवळ ये. आणि वहीत नव्या कार्डापुढे साठ लिही. पळण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा मी पाहिला होता.

तुझाच,
अप्पा