डोहाळ्याचे डोनट

अम्मा, काल मी डोनट केले. मांबलमच्या घरी, तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच कढईत. तुम्ही गेल्यापासून या घरात यीस्टची पुडी आली ती कालच. का केले, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तुम्ही ते पहिल्यांदा केलेत तेव्हा मी सिरुसेरीच्या कंपनीत नोकरी करत होते आणि मला पाचवा महिना लागला होता. मी सांगलीची, तुम्ही तंजावरकडच्या मराठी घरातल्या. लग्नाला वर्षं होऊन गेली तरी तुमचं मराठी मला निम्मंच कळायचं आणि माझं तुम्हांला फार भरभर वाटायचं. पण डोहाळे हा शब्द दोघींचाही होता. मी ऑफिसच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकते न टाकते तोच तुम्ही विचारायचात, काय खावंसं वाटतं. चिंच, कैरी, सगळं नाकारून झालं, आणि एकदा वैतागून मी खरं ते सांगून टाकलं: अमेरिकेत कामाला गेले होते तेव्हा खाल्लेला व्हॅनिलाचा डोनट, वर साखरेचं पातळ कवच असलेला. सुनेचं हे खूळ ऐकून तुम्ही हसला नाहीत. मी इंटरनेटवरून कृती छापून आणली, त्यातलं अंडं तुम्ही हद्दपार केलंत. उकाड्यात ते पीठ इडलीच्या पिठासारखं पातेल्याबाहेर आलं. पेल्याने चकत्या पाडल्या, बाटलीच्या झाकणाने मधलं भोक. तळले अगदी छान. मिक्सरमधून काढलेल्या साखरेत दूध आणि इसेन्स घालून तुम्ही डोनट त्यात बुडवलेत, आणि आपण दोघी वाट बघत बसलो. साखर सुकलीच नाही. इथल्या दमट हवेत ती ओघळून ताटात साचली. मी दोन खाल्ले, मस्त झालेत म्हणाले. तुम्ही मात्र छापील चित्रातल्या चकचकीत कवचावर बोट ठेवलंत. असं नाही जालं, पुन्हा करीन, म्हणालात.

पुन्हा केलेत, पुन्हा ओघळले. सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. नाळेला पीळ बसला होता. डॉक्टरीणबाईंनी ते मला इंग्रजीत सांगितलं, तुम्हांला तमिळमध्ये, आणि तुम्ही मान हलवलीत. मला घरी आणल्यावर दूध भरून आलं. ते आटावं म्हणून तुम्ही माझ्या छातीला कापड बांधत होता. गाठ मारता मारता थांबलात आणि विचारलंत, "ती साखर सुकली नाही, म्हणून गेलं का गे लेकरू?"

मी नाही म्हणाले. नाळेचं कारण पुन्हा सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि शुक्रवारी परत पीठ भिजवलंत. त्यानंतर दर शुक्रवारी. कधी पंख्याखाली ताट, कधी खिडकीत, मार्गळी महिन्याच्या थंडीत गच्चीवर. व्हॅनिलाचा वास आला की मी खोलीचं दार लावून घ्यायचे. तुमचा लेक एकदा चिडून म्हणाला, अम्मा, पोदुम, आता पुरे. मग तुम्ही तो ऑफिसला गेल्यावर करू लागलात. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. तुमचे हात कापायला लागले, तेव्हाच ते थांबलं. तुम्ही तो दोष बरोबर घेऊनच गेलात, आणि तुमच्या मनातून तो मला काढता आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काल तळण झालं आणि घामाने जीव नकोसा झाला, म्हणून ताट घेऊन मी निजायच्या खोलीत आले. एसी चालू होता. इथला पहिला एसी आपण माझ्या त्या पाचव्या महिन्यातच बसवला होता. पण रांधलेलं अन्न निजायच्या खोलीत न्यायचं नाही हा तुमचा नियम, आणि तो मोडावा असं तुम्हांला सुचलं नाही, मलाही नाही. माझी कॉफी पिऊन होईतो त्या कोरड्या गारव्यात साखर सुकली होती. बोट लावलं तर चिकटली नाही.

हे पत्र मी तुमच्या फोटोसमोरसुद्धा वाचणार नाही. नाळेचं कारण मला पाठ आहे, अम्मा, ते खरं आहे हेही मला ठाऊक आहे. तरी ताट मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की तुम्ही तेव्हा ताट इथे आणलं असतंत तर लेकरू राहिलं असतं.